आधी सावकाश वेग ठरवा: ट्रेडमिलवर वेग बदलत पळण्याची रीत

ट्रेडमिलवर ८ चा स्पीड लावून अर्धा तास पळालं, तर मिनिटाला १६० पावलांच्या हिशेबानं ४,८०० पावलं पडतात आणि ती जवळजवळ सगळी एकाच मापाची असतात. रस्त्यावर असं कधी होत नाही. वळण आलं की आपण नकळत मंदावतो, उतार लागला की सुटतो, खड्डा दिसला की पाऊल आखूड पडतं. पट्ट्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तिथे वेग बदलायचा तर तो आपणच बोटानं, ठरवून बदलावा लागतो. नाहीतर तीच पोटरी, तोच गुडघा, तोच भार आणि समोर हलायचं नाव न घेणारं घड्याळ.

कसा बदलायचा, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू. मीही पहिलं वर्षभर तेच केलं. जोरात म्हणजे १२, कारण तो आकडा पॅनेलवर बरा दिसायचा. हळू म्हणजे त्या वेळी जेवढा दम उरला असेल तेवढं. पहिल्या फेरीनंतर ७ वर यायचो, दुसऱ्या फेरीनंतर ६ वर, तिसऱ्या फेरीनंतर साडेचारच्या चालीवर आणि चौथ्या फेरीत दोन्ही हात दांड्यांवर. ठरवलेल्या आठ फेऱ्यांपैकी चारातच खेळ आटपायचा. बराच काळ मी १२ च्या आकड्याला दोष देत होतो. खरी चूक ही होती की सावकाश भागाला मी आकडाच दिलेला नव्हता. तेव्हापासून मी आधी सावकाश वेग ठरवतो, तो सगळ्या फेऱ्यांत तोच ठेवतो आणि जोराचा वेग त्याच्या मापानं बेततो. पुढची सगळी पद्धत यावरच उभी आहे.

यंत्राची ओळख करून घ्या

पॅनेलवरचा आकडा बहुधा ताशी किलोमीटरचा असतो, काही यंत्रांवर मैलांचा, तेवढं आधी बघून घ्या. पळणारी माणसं मात्र 'एका किलोमीटरला किती मिनिटं' या भाषेत बोलतात. हिशेब सोपा आहे, ६० ला स्पीडनं भागायचं. ८ म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं, १० म्हणजे ६ मिनिटं, १२ म्हणजे ५. इथे एक गंमत लक्षात येते. ६ वरून ७ वर गेलं की किलोमीटरमागे जवळजवळ दीड मिनिट वाचतं, पण ११ वरून १२ वर गेलं की जेमतेम २७ सेकंद. बटण दोन्हीकडे एकानंच वाढतं, पण अंगाला ते सारखं लागत नाही. म्हणून वरच्या वेगांत वाढ अर्ध्या-अर्ध्यानं करा.

आकडा खरा आहे का, हेही तपासता येतं. पट्ट्याच्या कडेला रंगीत चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. यंत्र बंद करून, प्लग काढून पट्टा हातानं फिरवत त्याची पूर्ण लांबी मोजा. समजा ती ३.२ मीटर भरली. आता कुणाला तरी ८ च्या वेगानं पळायला सांगा आणि बाजूला उभं राहून एका मिनिटात ती चिकटपट्टी किती वेळा वर येते ते मोजा. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर मोजणं सोपं जातं. ८ चा वेग म्हणजे मिनिटाला १३३ मीटर, तेव्हा ४१-४२ फेऱ्या भरायला हव्यात. ३८ च भरल्या तर पट्टा प्रत्यक्षात ७.३ नं चाललाय. रिकाम्या पट्ट्यावर मोजू नका, कारण अंगाचा भार पडल्यावर काही पट्टे किंचित मंदावतात. जिममधल्या यंत्रावर असे प्रयोग करायला परवानगी मिळणार नाही. तिथे एकच करा: रोज शक्यतो तेच यंत्र घ्या, म्हणजे चुकीचा असला तरी आकडा कालच्याशी ताडता येतो.

तिसरी गोष्ट पट्ट्याच्या आळसाची. बटण दाबल्याबरोबर आकडा बदलतो, पण पट्टा त्या वेगाला पोचायला वेळ घेतो. मी वापरतो त्या यंत्राला ७ वरून ११ वर जायला १४ सेकंद लागतात, शेजारच्याला ८. तुमच्या यंत्राचे सेकंद एकदा मोजून लिहून ठेवा, पुढे फार कामाला येतात.

आणि सेफ्टी क्लिप. ओढली गेली की पट्टा थांबवणारी ती दोरी कपड्याला अडकवल्याशिवाय वेग बदलत पळायचंच नाही. एका वेगानं पळताना माणूस सहसा पडत नाही. बोट बटणावर, नजर आकड्यावर आणि पाय भलतीकडे, अशा वेळी पडतो. मी एकदा ९ ऐवजी सरळ १९ चं बटण दाबलं होतं. क्लिप होती म्हणून पट्टा थांबला आणि मी गुडघ्यावर नाही, नुसता ओशाळून उभा राहिलो.

सावकाश वेग शोधण्यासाठी एक दिवस

या दिवशी जोरात पळायचं नाही. पाच मिनिटं ५ ते ६ च्या वेगानं चाला. मग ७ लावा आणि दर तीन मिनिटांनी ०.५ नं वाढवत जा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात सतराचा पाढा मोठ्यानं म्हणा. हसू नका, याहून स्वस्त मोजपट्टी नाही. 'सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न' एवढं एका दमात, आवाज न तुटता म्हणता आलं, तर तो वेग तुम्हाला सोपा आहे. 'सतरा दुणे' नंतर श्वास घ्यावा लागला की मध्यम. 'सतरा' म्हणूनच थांबावं लागलं तर तो जोराचा वेग आहे, तिथे त्या दिवसाचं काम संपलं, वेग उतरवा.

टप्पे तीन मिनिटांचेच का? कारण वेग वाढला की श्वास आणि नाडी लगेच त्या पातळीला पोचत नाहीत, मागून येतात. पहिल्या मिनिटाला सोपा वाटलेला वेग तिसऱ्या मिनिटाला आपलं खरं रूप दाखवतो. हृदयरोगतज्ज्ञांची ट्रेडमिलवरची तपासणीही याच अंतरानं चालते. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पहिली ३ मिनिटं ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ असतो, पुढची ३ मिनिटं ४ किलोमीटर आणि १२ टक्के, त्यापुढे ५.५ आणि १४ टक्के. तिथेही पाऊण मिनिटात निकाल लावत नाहीत.

आता आकडे मांडा. पाढा सुरळीत म्हणता आला असा सर्वांत वरचा वेग धरा आणि त्यातून १ वजा करा. हा तुमचा सावकाश वेग. समजा ८ पर्यंत पाढा नीट जमला, तर सावकाश वेग ७. हा फार हळू वाटेल, वाटू द्या. सुरुवातीचा जोराचा वेग म्हणजे सावकाश वेगात २.५ मिळवून येणारा आकडा, इथे ९.५. ज्यांचा सावकाश वेग पळण्यात बसतच नाही, त्यांनी ५.५ ची चाल आणि ७.५ चं पळणं अशी जोडी घ्यावी. त्यात कमीपणा काही नाही.

पहिला दिवस, मिनिटामिनिटानं

खालचे आकडे ७ आणि ९.५ या जोडीचे आहेत, तुमचे त्या जागी घाला.

० ते ५ मिनिटं: ५.५ नं चाल.
५ ते १० मिनिटं: ७ नं पळणं.
१० ते २८ मिनिटं: सहा फेऱ्या. प्रत्येकीत १ मिनिट ९.५ आणि २ मिनिटं ७.
२८ ते ३३ मिनिटं: ६, मग ५, मग ४ असं उतरत जाणं.

कागदावर हे चार ओळींत मावतं. प्रत्यक्षात एक फेरी कशी जाते ते सांगतो. घड्याळात ९:५० झाले की हात सैल सोडून बटण दाबायला घ्या, कारण पट्ट्याला १० सेकंद हवेत. या वेळात पाऊल लांब टाकण्याचा मोह होतो. तो टाळा, पाऊल आखूडच ठेवून जरा लवकर-लवकर उचला. पट्टा पायाखालून पळायला लागला की लांब पाऊल टाचेवर आदळतं, आणि ते कानाला ऐकू येतं, धप्प धप्प. १०:०० ला तुम्ही ९.५ वर असता. पहिली २० सेकंदं फसवी असतात, 'एवढंच?' असं वाटतं. याच क्षणी लोक १०.५ करून बसतात. करू नका. १०:४० च्या सुमारास श्वास खोल जायला लागतो, आणि ११:०० ला ७ चं बटण दाबलं तरी नाडी आणखी काही सेकंद चढतच राहते. मनगटावरच्या घड्याळात नाडीचा सर्वांत मोठा आकडा अनेकदा सावकाश भागात शिरल्यावर दिसतो. यात घाबरण्यासारखं काही नाही. एक मिनिटाच्या जोरात नाडी वेगाच्या मागेच असते, म्हणून इतके छोटे टप्पे नाडी बघून ठरवूच नयेत, वेगाच्या आकड्यानं ठरवावेत. आणि दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांना हात लावून दिसणारी नाडी पळताना बेभरवशाची, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

११:०० ते १३:०० हा भाग महत्त्वाचा. इथे थांबायचं नाही, पट्ट्याच्या बाजूच्या फळ्यांवर पाय ठेवून उभं राहायचं नाही, ७ वर पळत राहायचं. हलका व्यायाम चालू राहिला तर जोरात पळताना स्नायूंत तयार होऊन साठलेलं लॅक्टेट नावाचं द्रव्य नुसतं उभं राहण्यापेक्षा लवकर निवळतं. १२:३० ला पाढा म्हणून बघा. निदान 'सतरा दुणे चौतीस' पर्यंत जायला हवं. गेलं नाही तर सावकाश वेग तुम्हाला जास्त होतोय. पुढच्या वेळी ७ चा ६.५ करा, ९.५ ला हात लावू नका.

सहाव्या फेरीनंतर 'आणखी एक जमली असती' असं वाटलं तर दिवस बरोबर झाला. जिवावर आलं असेल तर आकडे चुकले.

हे जमल्यावर

वेग बदलायच्या पद्धती बऱ्याच आहेत. पट्ट्यावर त्या सगळ्या सारख्याच चालत नाहीत, म्हणून माझ्या पसंतीच्या क्रमानं सांगतो.

पहिली चढती. सगळं पळणं एकाच दिशेनं वाढत जातं: ३० मिनिटांत दर पाच मिनिटांनी ०.३ किंवा ०.५ नं वाढ, शेवटची पाच मिनिटं मध्यम ते जोराची. रस्त्यावर हे साधायला वर्षं जातात, कारण सुरुवातीला आपण हमखास जास्त सुटतो. पट्ट्यावर मात्र सुरुवातीचा संयम यंत्रच पाळून देतं. ट्रेडमिल ज्यासाठी घ्यावी असं मला वाटतं ते हेच.

दुसरी लांब टप्प्यांची. ४ मिनिटं जोरात, ३ मिनिटं सावकाश, अशा चार फेऱ्या. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धडधाकट तरुणांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस हे केलं होतं. जोराच्या भागात नाडी कमाल नाडीच्या ९० ते ९५ टक्के ठेवायची होती. एकाच मध्यम वेगानं तेवढंच काम करणाऱ्यांपेक्षा यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जास्त वाढली. टप्पा चार मिनिटांचा असल्यामुळे इथे नाडी वेगाला गाठते आणि तिचा आकडा उपयोगी पडतो. कमाल नाडीचा अंदाज २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा काढतात, म्हणजे चाळिशीत १८० आणि तिचे ९० टक्के १६२. हा अंदाजच आहे, एखाद्याचा खरा आकडा दहा-बारा ठोक्यांनी वर-खाली असू शकतो. एक मिनिटाच्या फेऱ्या महिनाभर केल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

तिसरी फार्टलेक. स्वीडनचे प्रशिक्षक गोस्टा होल्मर यांनी १९३० च्या दशकात ही रूढ केली. शब्दाचा अर्थच वेगाशी खेळ. ती मुळात जंगलवाटांवरची, मनाला येईल तेव्हा सुटायचं आणि मनाला येईल तेव्हा आवरायचं. पट्ट्यावर 'मनाला येईल तेव्हा' अवघड जातं, कारण मनाला सहसा वेग कमी करावासाच वाटतो. त्यावर माझा उपाय गाण्यांचा: धृपद चालू तोवर जोरात, कडवं चालू तोवर सावकाश. कुठलं गाणं पुढे येईल ते ठरवायचं नाही. कधी लांबलचक धृपद येतं आणि फजिती होते, ती होऊ द्यावी.

चौथी ३० सेकंद जोरात, ३० सेकंद हळू. मैदानावर उत्तम, पट्ट्यावर मला पटत नाही. यंत्राला वर जायला १० सेकंद आणि खाली यायला १० सेकंद लागत असतील तर ३० पैकी खरा जोर किती उरला ते बघा. मग लोक पट्टा १३-१४ वर धावता ठेवून बाजूच्या फळ्यांवर उड्या मारतात आणि पुन्हा चालत्या पट्ट्यावर उतरतात. मुरलेल्या धावपटूंनी ते करावं की नाही हे त्यांचं त्यांनी बघावं, या लेखाच्या वाचकानं करू नये.

चढाचं बटण

१ टक्का चढ लावूनच पळावं, असा सल्ला सगळीकडे मिळतो. त्याचं मूळ जोन्स आणि डाऊस्ट यांच्या १९९६ मधल्या अभ्यासात आहे. पट्ट्यावर आपण जागच्या जागी असतो, त्यामुळे हवा कापावी लागत नाही. ती सूट १ टक्का चढानं भरून निघते, असं त्यांना दिसलं. पण त्यांनी तपासलेले वेग ताशी १०.५ ते १८ किलोमीटरचे होते. ७-८ नं पळणाऱ्याला हवेचा अडथळा मुळात नगण्य असतो, त्यानं या १ टक्क्याची चिंता करण्याचं कारण नाही.

चढाचा खरा उपयोग वेगळा आहे: वेग न वाढवता जोर वाढवता येतो. पळण्याच्या ऊर्जेचं जे समीकरण व्यायामशास्त्रात वापरतात, त्यावरून दर १ टक्का चढ म्हणजे अंदाजे साडेचार टक्के जादा वेग असा हिशेब निघतो. म्हणजे ८ चा वेग आणि ५ टक्के चढ हे सपाटीवरच्या ९.८ च्या बरोबरीचं काम. धाप तेवढीच लागते, पण पट्टा ८ नंच फिरतो. ज्यांना वेगाची भीती वाटते किंवा जोरात पळताना गुडघ्यावर जास्त आदळल्यासारखं होतं, त्यांनी काही आठवडे अशाच फेऱ्या कराव्यात: २ मिनिटं ५ टक्के, ३ मिनिटं सपाट, वेग तोच. याची किंमत पोटऱ्या आणि टाचेमागची शीर मोजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली पावलं टाकताना टाचेमागे दुखलं तर चढ निम्मा करा.

दोन नियम पाळा. चढ आणि वेग एकाच फेरीत दोन्ही वाढवू नका. आणि दांडी धरून चढ चढू नका, कारण हातांवर भार गेला की पॅनेल १० टक्के म्हणत राहतं आणि पाय मात्र त्याहून कितीतरी कमी काम करतात. कॅलरीचा आकडाही त्याच खोट्यावर उभा असतो.

पुढच्या आठवड्यांत काय वाढवायचं

आठवड्यात दोन दिवस वेग बदलायचा, मध्ये निदान एक दिवस सोडून. बाकीच्या दिवशी सोपं पळणं किंवा चालणं. वाढ एका वेळी एकाच गोष्टीत आणि या क्रमानं: आधी फेऱ्या सहाच्या आठ, मग जोराचं मिनिट दीड मिनिटाचं, मग सावकाश भाग दोन मिनिटांवरून दीडवर, आणि सर्वांत शेवटी जोराचा वेग ०.३ नं. बहुतेक जण ही यादी खालून वर वाचतात.

अधूनमधून पावलं मोजा. उजवा पाय ३० सेकंदांत किती वेळा पडला ते मोजून चारनं गुणा. सावकाश आणि जोराच्या वेगात हा आकडा थोडा बदलणं साहजिक आहे, पण वेग वाढूनही पावलांची संख्या जिथल्या तिथे राहिली तर तुम्ही पाऊल ताणताय. पुढे पॅनेलला चिकटून पळत असाल तरी गडबड होते, हात आखडतात. पट्ट्याच्या मधोमध राहा, नजर समोर ठेवा.

पंख्याची हवा अंगावर येईल असं यंत्र मिळालं तर ते घ्या. पट्ट्यावर वारा लागत नाही, घाम वाळत नाही, आणि वेग तोच असूनही नाडी हळूहळू वर सरकत जाते. शेवटच्या फेऱ्या जड जाण्यामागे कित्येकदा पाय नसतात, साचलेली उष्णता असते.

छातीत दुखलं, दडपल्यासारखं झालं, चक्कर आली किंवा ठोके वेडेवाकडे वाटले तर फेरी पुरी करायच्या फंदात न पडता थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, किंवा बऱ्याच वर्षांनी पळायला लागत असाल, तर जोराच्या फेऱ्यांआधीच त्यांना विचारून घ्या.

शेवटची पाच मिनिटं कुणी खाऊ नयेत. जोरावरून एकदम थांबलं की पायांत उतरलेलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ४ च्या चालीवर येऊन पट्टा पूर्ण थांबला की दांडी धरून उतरा. पहिली काही पावलं जमीनच पुढे सरकतेय असं वाटेल, कारण अर्धा तास पाय चालत होते आणि भिंत जागची हलत नव्हती, डोक्याला त्या हिशेबातून बाहेर यायला जरा वेळ लागतो. ते ओसरेपर्यंत तिथेच उभं राहून वहीत तीन आकडे लिहा: सावकाश वेग, जोराचा वेग, आणि शेवटच्या फेरीत पाढा कुठपर्यंत गेला.